भाकरी, गोळी आणि पोटातला गोळा

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला महिनाभर दोन तट पडलेत. एरवी तिथं सुप्रभात, खरसुंडीच्या यात्रेतले बैल आणि डाळिंबाचे भाव एवढंच चालतं. सध्या विषय आहे आमच्या एका मावसभावाचं आतडं. (त्याला विचारूनच लिहितोय. "लिही की, समद्या गावाला ठाऊक झालंय आता," असं म्हणाला.)

त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, व्रण पडतात, दिवसातून दहा-दहा वेळा पळावं लागतं आणि रक्त जातं. मग काही महिने सगळं शांत होतं आणि पुन्हा उसळतं. त्यासाठी मेसालामिनच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या खेपेला डॉक्टरांनी त्यात एक छोटी गोळी वाढवली, नैराश्यावरची. झोप उडाली होती, अन्न गोड लागत नव्हतं, माणूस बोलेनासा झाला होता, म्हणून. ती गोळी कशावरची हे आमच्या मामांनी इंटरनेटवर शोधून काढलं आणि ग्रुपवर टाकलं. झालं! निम्मं घराणं म्हणतं, 'ही डोक्याची गोळी पहिली बंद कर, ज्वारीची भाकरी खा, आपले आजे-पणजे कधी दुर्बिणीखाली गेले होते का?' उरलेलं निम्मं म्हणतं, 'भाकरीबिकरी सगळी थोतांडं, डॉक्टर सांगेल तेवढंच ऐक.'

मी डॉक्टर नाही. पण गेले काही आठवडे या दोन्ही गोष्टींवर हाताला लागेल ते वाचत बसलोय, आणि माझं मत असं झालंय की दोन्ही तटांनी तराजू वाकडा धरलाय. भाकरीच्या बाजूचा पुरावा आणि त्या गोळीच्या बाजूचा पुरावा, दोन्ही साधारण एकाच वजनाचे आहेत. दोन्ही थोडे, दोन्ही आशा वाटावी असे, दोन्ही अर्धवट. तरी एकीला आपण देव्हाऱ्यात बसवतो आणि दुसरी उशीखाली लपवतो. हे का, ते जरा नीट सांगतो. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

आधी आजाराचं. आपल्याकडं पोटातून रक्त गेलं की पहिला शब्द 'रक्ती आव', दुसरा 'मूळव्याध'. ते चूक नाही, कारण बहुतेकदा तेच असतं. शिवाय आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स हे दोन आजार इतके सारखे दिसतात की भल्याभल्या डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो, आणि क्षयाचा देश म्हणून आधी क्षयाचीच औषधं दिली जातात. त्यामुळं हा साहेबांचा आजार, आपला नव्हे, असं बरीच वर्षं मानलं जायचं. मग २००३ साली लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबातली पाहणी छापली. लाखात ४४ लोकांना अल्सरेटिव्ह कोलायटिस सापडला. त्याआधी इंग्लंडात लेस्टर भागात राहणाऱ्या आपल्याकडच्या हिंदू आणि शीख मंडळींत तो तिथल्या गोऱ्यांपेक्षाही जास्त आढळला होता. म्हणजे रक्तात काही संरक्षण नव्हतं. जे काय असेल ते जगण्यात आणि ताटात.

आमचा भाऊ गलाईवाला. आटपाडी-विट्याकडच्या वाचकांना सांगायला नको; बाकीच्यांसाठी सांगतो, सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा हा धंदा करत आमच्या भागातली माणसं हिंदुस्थानभर पांगलीत. हा वयाच्या सतराव्या वर्षी कोइमतूरला गेला. सकाळी मूस पेटवायची, दिवसभर तेजाबाची वाफ, आणि रात्री कोपऱ्यावरच्या गाड्यावर मैद्याचा परोटा. वीस वर्षं! आता त्याच्या आतड्याला परोट्यानं सूज आली की तेजाबानं की नशिबानं, हे कुणीच सांगू शकत नाही. पण 'भाकरी सोडली आणि आजार आला' ही गोष्ट आमच्या मामांना इतकी पटते, ती या वीस वर्षांमुळं.

आणि त्या गोष्टीत तथ्य आहेच. धान्याच्या कोंड्यात, टरफलात जो चोथा असतो तो आपल्याला पचत नाही. तो जसाच्या तसा मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथले कोट्यवधी जिवाणू त्याच्यावर ताव मारतात. ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं एक आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य जेवण हेच. आपण खाल्लेलं रक्तातून पोचायची त्या फारशी वाट बघत नाहीत, शेजारी शिजलेलं खातात. शिवाय ब्युटिरेट सूज आवरतं, अस्तराची वीण घट्ट ठेवतं. ही यंत्रणा बऱ्यापैकी पक्की समजलेली आहे. डेनिस बर्किट या सर्जननं युगांडातली खेड्यातली माणसं पाहून १९७० च्या दशकात 'चोथा खा' असा धोशा लावला तेव्हा ही सगळी साखळी त्याला ठाऊकही नव्हती.

आता पहिली गंमत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यात शंभर ग्रॅममागे चोथा असा आहे: ज्वारी सुमारे १० ग्रॅम, बाजरी साडेअकरा, नाचणी अकरा. आणि गव्हाचा आटा? तोही अकराच्या वरच! पडला की नाही मामांचा चेहरा? :) खाली कोण आहे, तर मैदा, पावणेतीन. पॉलिशचा तांदूळ, तोही तेवढाच. म्हणजे भांडण ज्वारी विरुद्ध गहू असं नाहीच. गिरणीत धान्याचं काय केलं, हे खरं भांडण. गव्हाची चपाती खाणाऱ्याला पापी ठरवायचं कारण नाही. आणि मटकीत ज्वारीच्या दीडपट चोथा आहे, पण मटकीच्या नावानं कुणी वर्ष साजरं करत नाही. २०२३ साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, सरकारनं 'श्री अन्न' असं बारसं केलं, तेव्हापासून ज्वारीची बिस्किटं, ज्वारीचे पोहे, ज्वारीच्या शेवया असं काय काय आमच्या बाजारातही यायला लागलं. त्या पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचावं एकदा. बिस्किटात ज्वारी किती आणि बाकी काय काय!

दुसरी गोष्ट गमतीची नाही. यंत्रणा पक्की असली तरी माणसांवरचा पुरावा तसा नाही. अमेरिकेत १ लाख ७० हजारांवर परिचारिकांच्या खाण्यापिण्याची नोंद २६ वर्षं ठेवली, ती २०१३ मध्ये छापून आली. सगळ्यांत जास्त चोथा खाणाऱ्या गटात, म्हणजे दिवसाला २४ ग्रॅमच्या आसपास, क्रोन्सचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघालं. छान. पण अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये तसा फरक निघाला नाही. आणि क्रोन्समधला फायदाही दिसला तो फळांच्या चोथ्याचा. धान्याच्या आणि कडधान्याच्या चोथ्यानं धोका हलला नाही. आमच्या भावाला नेमका तोच आजार आणि घरचे सांगतायत नेमका तोच चोथा! (डाळिंबाच्या तालुक्यातले आपण, फळाचं मात्र कुणी बोलत नाही.) २०२१ साली २१ देशांतल्या, भारतासकट, १ लाख १६ हजार लोकांचा अभ्यास आला. त्यात कारखान्यात बनलेलं पाकीटबंद अन्न दिवसातून पाच-सहा वेळा खाणाऱ्यांना आतड्याच्या या दाहाचा धोका जवळजवळ पावणेदोन ते दोनपट निघाला. म्हणजे काय खाल्लं नाही यालाही महत्त्व आहे.

आजार झाल्यावर धान्याचा उपयोग होतो का, यावर प्रयोग आहेत, पण चिमुकले. जपानमध्ये मोड आणलेल्या सातूचा चोथा अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या १८ रुग्णांच्या एका प्रयोगात, चालू औषधांच्या जोडीला, चार आठवडे देऊन पाहिला. ज्यांना दिला त्यांचा त्रास कमी झाला. १९९९ साली स्पेनमध्ये इसबगोलचं बी. ते काही धान्य नव्हे, पण चोथ्याच्याच कुळातलं. आजार शांत असलेले १०५ रुग्ण, एक वर्ष. नुसत्या इसबगोलच्या गटात ४० टक्के लोकांचा आजार उलटला, नुसत्या मेसालामिनच्या गटात ३५ टक्के, दोन्ही घेणाऱ्यांत ३०. ग्रुपवर हे टाकलं तर उद्या कुणीतरी 'गोळी सोडा, इसबगोल घ्या' असं पुढं ढकलेल, म्हणून सांगतो. एवढ्याशा माणसांत फरक दिसला नाही म्हणजे फरक नसतोच असं नाही. आणि सगळ्यांत बरे राहिले ते दोन्ही घेणारे.

शिवाय वेळ बघावी लागते. आजार उसळलेला असताना खरखरीत भाकरी, मोडाची उसळ आणि वर खर्डा... नको रे बाबा. तेव्हा मऊ भात, पातळ ताक, पेज. क्रोन्समध्ये आतडं कुठं अरुंद झालेलं असेल तर जाड चोथा तिथं अडकून पोट तटतटून फुगतं आणि गाठ ऑपरेशनशी पडते. म्हणजे 'भाकरी खा' हा सल्ला देणाऱ्यानं आधी 'सध्या पोट कसं आहे?' एवढं तरी विचारावं. आमच्याकडं ज्यानं सल्ला दिला त्यानं शेवटचा फोन दिवाळीत केला होता. असो.

आता आजे-पणजांबद्दल. हा मुद्दा मला जरा जास्तच टोचतो.

आमच्या भागात जुनं खाणं म्हणजे काय होतं? शाळूची नाहीतर बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकी, ताकातल्या कण्या, अंबील, शेंगदाण्याची चटणी, जमलं तर ताक-दूध, जत्रेला मटण. सुरेख जेवण. पण ते पिकलं तर! माणदेशात पाऊस कधी आला आणि कधी नाही आला याच्यावर ताट ठरायचं. व्यंकटेश माडगूळकर याच तालुक्यातले, माडगुळ्याचे. त्यांच्या 'बनगरवाडी'चा शेवट दुष्काळानं वाडी ओस पडण्यात होतो, हे जुन्या ताटाच्या आरत्या ओवाळणाऱ्यांनी आठवावं. १९७२ ला तर खडी फोडून आलेल्या बाया परदेशातून आलेली लाल मिलो थापत होत्या. ती भाकरी धड थापतही नसे असं आमची आजी सांगायची, आणि सुकडीच्या वासाची आठवण निघाली तरी तोंड फिरवायची.

आणि ताटात नुसती ज्वारीच उरते तेव्हा काय होतं, हे दख्खनला चांगलं माहीत होतं. तो आजार म्हणजे पेलाग्रा. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, सोलते, जुलाब लागतात, झोप जाते, माणूस उदास होतो आणि पुढं भ्रमिष्ट. अमेरिकेत तो मका खाणाऱ्या गरिबांत होता, आपल्याकडं हैदराबादच्या आसपास ज्वारी खाणाऱ्या गरिबांत. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतल्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं की ज्वारीत ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल जरुरीपेक्षा जास्त असतं आणि त्यानं शरीरात नायासिनचा मेळ बिघडतो. त्या सिद्धांतावर पुढं वाद झाले, ते होऊ देत. पण आजार खरा होता, आणि तो ज्वारीच्या मुलखातला होता.

पेलाग्राची यादी परत वाचा. जुलाब आणि उदासी. एकाच माणसात, एकाच वेळी. ट्रिप्टोफॅन नावाचं दुसरं एक अमिनो आम्ल आहे. शरीर त्यापासून नायासिनही बनवतं आणि सेरोटोनिनही. सेरोटोनिन म्हणजे तेच, ज्याच्यावर नैराश्याच्या बऱ्याचशा गोळ्या काम करतात. शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन डोक्यात नाहीच, आतड्यात असतं. २०१२ मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास 'नेचर'मध्ये आला. आतड्यातून ट्रिप्टोफॅन शोषलं गेलं नाही तर तिथले जिवाणू बदलतात आणि आतड्याला सहज सूज येते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण भाकरीवाले आणि गोळीवाले ज्याला दोन वेगळी खाती समजून भांडतायत, ते शरीरात एकाच वहीत आहे एवढं तरी यावरून समजावं.

आमच्याकडं पेलाग्राची साथ का नव्हती याचं उत्तर बहुधा शेंगदाण्याच्या चटणीत आणि मटकीच्या कालवणात आहे. शेंगदाण्यात नायासिन भरपूर. म्हणजे औषधी होतं ते सगळं ताट. ताटातलं एक धान्य उचलून त्याला डोक्यावर घेणं हा शहरी उद्योग आहे, आणि गावाकडचे आम्ही तो शहरातून परत आयात केलाय.

बरं, आता गोळी.

मन आणि पोट यांचं नातं मराठीला कुणी शिकवायला नको. भीतीनं पोटात गोळा येतो. लेकराच्या आठवणीनं आतडं तुटतं. काळजीनं पोटात कालवतं. दुसऱ्याची चूक आपण पोटात घालतो, आणि सांगायचंच असेल तर पोटतिडकीनं सांगतो. चरकानं अतिसाराचे सहा प्रकार सांगितले. वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि उरलेले दोन भयज आणि शोकज. भीतीनं लागलेले जुलाब आणि दुःखानं लागलेले जुलाब! त्यावर उपाय म्हणून वाताच्या उपचाराबरोबर रोग्याला धीर देणं, त्याचं मन प्रसन्न करणं हेही लिहून ठेवलं. ग्रुपवर आयुर्वेदाचा झेंडा घेऊन फिरणाऱ्यांना हे पान कसं सापडत नाही कोण जाणे.

नैराश्यावरच्या गोळीचा जन्मही डोक्याच्या दवाखान्यात झाला नाही. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सी व्ह्यू इस्पितळात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध देऊन बघत होते. खंगलेली माणसं खायला लागली, हसायला लागली, वॉर्डात उत्साह संचारला. क्षय राहिला बाजूला, डॉक्टर चमकले की हे काय नवीन? पाच वर्षांनी ते नैराश्यावर वापरलं जाऊ लागलं. (पुढं त्यानं काविळी झाल्या आणि ते मागं पडलं.) म्हणजे 'वेड्याची गोळी' म्हणून जिला हिणवता, तिची मूळ आजी क्षयाची गोळी.

आतड्याच्या दाहावर तिचा पुरावा काय? २०१९ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीच्या मंडळींनी ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या. नैराश्य असलेले ४ लाखांवर लोक, आणि नसलेले ५० लाखांवर. नैराश्य असलेल्यांना पुढं क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस होण्याचा धोका दुपटीहून जास्त. आणि त्यातल्या ज्यांनी नैराश्यावरची औषधं घेतली त्यांच्यात तो कमी. त्याच वर्षी डेन्मार्कमधून जवळपास ४३ हजार आतड्याच्या रुग्णांची नोंद आली. ही औषधं घेणाऱ्यांचा आजार कमी वेळा उलटला, क्रोन्समध्ये सुमारे पाव हिश्शानं कमी, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास. कॅनडातच उंदरांवर असं दिसलं होतं की उदास केलेल्या उंदरांच्या आतड्याला सूज जास्त येते आणि नैराश्याचं औषध दिलं की कमी. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस सूज आवरायचं काम करते आणि उदासीत ती ढिली पडते, असं त्याचं कारण सांगतात.

वाचताना माझेही हात शिवशिवले, लगेच ग्रुपवर टाकावं म्हणून. पण इथंही तराजू सरळच धरायला हवा. २०२१ मध्ये ब्रिटनमध्येच पुन्हा तपासलं, तर असं निघालं की ज्या उदास लोकांना आधीपासून पोटाच्या तक्रारी नव्हत्या त्यांच्यात धोका वाढलेलाच नव्हता. म्हणजे आजार आतल्या आत आधीच सुरू झालेला असेल आणि उदासी हे त्याचंच पहिलं पाऊल असेल. ऑस्ट्रेलियात क्रोन्सच्या २६ रुग्णांना फ्लुऑक्सेटिन आणि खोटी गोळी अशी विभागून देऊन पाहिली, फरक निघाला नाही. उलट याच जातीच्या काही गोळ्यांचा, विशेषतः सर्ट्रालिनचा, आतड्याच्या दुसऱ्या एका दाहाशी संबंध जोडला जातो. तो दुर्बिणीतही दिसत नाही, तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. सुरुवातीच्या दिवसांत काहींना पोट ढिलं होतं. आणि दुखण्यावरच्या ठरावीक गोळ्यांबरोबर घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. गुडघ्यासाठी परस्पर मेडिकलमधून गोळ्या आणणाऱ्या आमच्या समस्त काका-मावश्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

तर आतड्याच्या सुजेवरचं औषध म्हणून ही गोळी सिद्ध झालेली नाही. भाकरीही झालेली नाही. मग डॉक्टरांनी ती दिलीच का? कारण आमचा भाऊ उदास होता. एवढं साधं आहे ते! त्याच्या उदासीवर ती दिली, उदासीवर ती चालते हे माहीत आहे म्हणून दिली, आणि आतड्याला त्याचा फायदा झालाच तर तो वरकड. झोपलेला माणूस वेळेवर मेसालामिन घेतो. जेवावंसं वाटणारा माणूस भाकरी खातो. उदास माणूस दोन्ही सोडतो, आणि त्यानं तसं सोडलं होतंच. त्याच्या बायकोनं बाकी राहिलेल्या गोळ्या मोजल्या तेव्हा कळलं.

मग आपल्याला एवढं कसलं वावडं? मामा आमचे वाईट नाहीत. त्यांनीच पहिल्या दुर्बिणीचे पैसे भरले. पण घरात दोन मुली लग्नाच्या आहेत आणि 'त्यांच्याकडं डोक्याचं आहे' हे शब्द कुठून कुठं जातील या भीतीनं त्यांच्या पोटात गोळा येतो. आतड्यातून रक्त जातं हे सोयरिकीत सांगता येतं, रडू येतं हे सांगता येत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (त्यात महाराष्ट्र नव्हता, बारा दुसरी राज्यं होती) नैराश्य असलेल्या शंभरातले पंच्याऐंशी उपचाराविना निघाले. आमच्या तालुक्यात वेगळं चित्र असेल असं मला वाटत नाही. पाऊस, कर्ज, बागेवरचा तेल्या रोग, परमुलखात एकटं राहणं... टेंभूचं पाणी आलं म्हणून ही यादी संपली नाही. आणि मनाच्या डॉक्टरसाठी सांगली-मिरज गाठायचं म्हणजे दिवस मोडतो. वर बसमध्ये ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं हा घोर वेगळाच.

भाकरीला हा घोर नाही. ती कुणाला चोरून खावी लागत नाही, म्हणून तिचा पुरावा कुणी मागत नाही. माझं मामांशी भांडण एवढंच आहे. भाकरीला जेवढा विश्वास दिलात तेवढा त्या गोळीला द्या, आणि गोळीला जेवढे प्रश्न विचारलेत तेवढे भाकरीलाही विचारा. आणि डॉक्टर सांगेल तेवढंच म्हणणाऱ्या दुसऱ्या तटालाही एक सांगायचंय. चार वर्षांत 'घरी काय खाता, कोण करून घालतं, परोटा किती?' हे एकाही तपासणीत कुणी विचारलं नव्हतं, आणि झोपेचं विचारायलाही चार वर्षं लागली. ते त्यांनी विचारायला हवं होतं. त्यांनी नाही विचारलं तर आपण आपणहून सांगावं, लाजू नये.

भावापुरतं म्हणाल तर आजार शांत असतानाच भाकरी, तीही पापुद्रा सुटलेली मऊ, पीठ बारीक दळून. मटकी मोड आणून, शिजवून, थोडी. माडगं त्याला सोसतं असं दिसतंय. मेसालामिन ठरल्याप्रमाणं. आणि ती छोटी गोळी एका दिवसात तोडायची नसते. बंद करायची झालीच तर डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवत आणायची, नाहीतर चक्कर, घाबरं, झोप उडणं असा त्रास होतो. हे मी मावशीला फोनवर सांगितलंय, मामांना सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून इथं लिहिलं.

ज्यांना मिरजेला जाऊन ओळखीचं कुणी भेटायची भीती वाटते त्यांच्यासाठी, २०२२ पासून 'टेली-मानस' नावाची सरकारी फोनसेवा सुरू आहे. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्री कधीही लागतो, मराठीत बोलता येतं.